थांबतोय की जातोय

२०१९ च्या उन्हाळ्यात आई आमच्याकडे टोरांटोजवळ मिसिसागाला आली होती. जुलैच्या पहिल्या आठवड्यातली एक संध्याकाळ. बाहेर उकाडा, घरात एसीची कुरकुर, पिअर्सनला उतरणारी विमानं नेहमीसारखी डोक्यावरून जात होती आणि मी कणीक मळत होते. टीव्हीवर हेलिकॉप्टरमधून टिपलेलं दृश्य चाललं होतं. वरून दिसणारा हायवे आणि शहराकडे निघालेल्या काळ्या गाड्या. गाडीत कोण बसलंय ते दिसत नव्हतं, निवेदकाकडे सांगण्यासारखं काही नव्हतं, तरी दृश्य बदलत नव्हतं. गाडीने लेन बदलली की कॅमेरा तेवढा सरकायचा. आईने थोडा वेळ ते पाहिलं आणि पदराने चष्मा पुसत विचारलं, "कुणी मोठा पुढारी आलाय का गं?" माझा मुलगा सोफ्यावरून मान न वळवता म्हणाला, "आजी, त्यात कवाय असेल." कवाय म्हणजे टोरांटोच्या रॅप्टर्स या बास्केटबॉल संघातला, करार नुकताच संपलेला खेळाडू, हे तिला एव्हाना पाठ झालं होतं, महिनाभर घरात दुसरं नावच नव्हतं. "मग त्याच्या असं मागे का लागलेत?" "तो इथे थांबतोय की जातोय, ते ठरायचंय." "घर कुठलं त्याचं?" "कॅलिफोर्नियाचं." आईने भेंड्या पुढ्यात ओढल्या. "मग जाईल की आपल्या घरी. त्यात एवढं बघायचं काय?"

मुलगा चिडून आत गेला. मी काही बोलले नाही, पण ते वाक्य पोळ्या लाटताना डोक्यात राहिलं ते राहिलंच.

तेव्हाचं टोरांटो ज्यांनी पाहिलं त्यांना मी काय सांगतेय ते कळेल. १३ जूनला रॅप्टर्सनी ओकलंडमध्ये जाऊन गोल्डन स्टेटला हरवलं, शहराला पहिल्यांदाच एनबीएचं, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या बास्केटबॉल लीगचं, विजेतेपद मिळालं, आणि चार दिवसांनी निघालेल्या मिरवणुकीला दहा लाखांहून जास्त माणसं रस्त्यावर आली. त्या गर्दीत गोळीबार झाला, पळापळ झाली, तेही झालंच. पण माझ्या कानात राहिलाय तो घोष: "आणखी पाच वर्षं! आणखी पाच वर्षं!" उघड्या बसवर उभा असलेला कवाय लेनर्ड ते ऐकत होता आणि चेहऱ्यावरची रेष हलू देत नव्हता. मग हॉटेलवाल्यांनी काचांवर स्टिकर लावले: कवाय इथे राहिला तर त्याला जन्मभर जेवण फुकट. कुणी राहायला पेंटहाउस देऊ केलं. संघमालकांच्या खासगी विमानाचा माग लोक मोबाइलवरच्या ॲपमधून काढू लागले. गो ट्रेनमध्ये माझ्या समोर बसणारी एक पोक्त बाई, जिने वर्षभरात कधी खेळाचा विषय काढला नव्हता, ती मला विचारत होती, "काय वाटतं, सही करेल?" ऑफिसच्या लिफ्टमध्ये तेच, देशी दुकानात कढीपत्त्याच्या रांगेत तेच. ३० जूनला संध्याकाळी ६ वाजता करार संपलेल्या खेळाडूंशी बोलणी करायची मुभा संघांना मिळाली, त्याच संध्याकाळी गोल्डन स्टेटचा केव्हिन ड्युरँट ब्रुकलिनला निघाल्याचं कळलं, बाकीचे मोठेही एकेक करून आपापल्या जागी लागले. हा एकटा राहिला. लॉस एंजेलिसचे क्लिपर्स थांबले, तिथलेच लेकर्स तर बाकीचे सौदे अडवून थांबले, आणि अख्खं शहर थांबलं.

खेळाडू सोडून जाण्याची या शहराची भीती उगाच नव्हती. २००० मध्ये ट्रेसी मॅग्रेडी गेला. २००४ मध्ये विन्स कार्टरने जायचा हट्ट धरला आणि गेला. त्यानंतर दहा वर्षं तो इथे पाहुणा म्हणून खेळायला आला की चेंडू हातात घेताक्षणी हुर्यो व्हायची. २०१० मध्ये ख्रिस बॉश मायामीला गेला. व्हँकूवरचा संघ २००१ मध्ये मेम्फिसला हलला, तेव्हापासून अमेरिकेबाहेरचा हा एकच संघ. प्रत्येक दौऱ्याला कस्टम्स, वेगळे कर, वेगळं चलन, आणि जानेवारी. अमेरिकी खेळाडूंना ही परदेशातली नेमणूक वाटते, हे इथे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी मोठ्याने म्हणत नाही. या खेळाचा जनक जेम्स नेस्मिथ इथल्याच ऑन्टॅरिओतल्या आल्माँट गावचा, आणि एनबीए ज्याला आपला पहिला सामना मानते तो १९४६ मध्ये टोरांटोतच झाला, असली माहिती मग आम्ही तोंडावर फेकतो. ती फेकावी लागते यातच काय ते आलं.

आणि 'थांब, थांब' म्हणून ओरडणारे कोण होते? या शहरातली जवळपास निम्मी माणसं दुसऱ्या कुठल्यातरी देशात जन्मलेली. त्रिनिदादची, मनिलाची, जाफन्याची, लाहोरची, जालंधरची. रॅप्टर्सचे सगळ्यांत प्रसिद्ध चाहते नव भाटिया, १९९५ पासून तोवर घरचा एकही सामना न चुकवलेले सरदारजी, तेही दिल्लीहून १९८४ च्या दंगलीनंतर आलेले. आमच्या मराठी मंडळातले निम्मे पुण्याचे, उरलेले नाशिक, नागपूर, डोंबिवली. घर सोडून आलेल्या या सगळ्या जनतेने एका माणसाला विनवलं, की बाबा रे, तू तुझ्या घरी जाऊ नकोस.

आईच्या वाक्याने खुपलं ते इथे. पण त्याआधी त्या वर्षाचं सांगायला हवं.

कवाय इथे आपण होऊन आलेला नव्हता. जुलै २०१८ मध्ये त्याला सॅन अँटोनिओने धाडलं, आणि त्याच्या बदल्यात आमचा डेमार डीरोझन तिकडे पाठवला. डीरोझन इथे नऊ वर्षं होता. बॉश गेला तेव्हा यानेच जाहीर लिहिलं होतं की काळजी करू नका, मी आहे. दोन वर्षांपूर्वी, स्वतःला जायची मोकळीक असताना, त्याने दुसऱ्या कुठल्या संघाशी बोलणीही न करता इथेच सही केली होती. तुला कुठे पाठवत नाही असं सांगितलं गेल्याच्या समजुतीत तो होता, आणि बातमी आली तेव्हा लॉस एंजेलिसमध्ये रात्री बर्गरच्या दुकानाबाहेर गाडीत बसलेला होता. संघाचे अध्यक्ष मसाई उजिरी यांनी पुढे पत्रकार परिषदेत त्याची माफी मागितली. तेव्हा आमच्या घरात सुतक होतं. मुलाने डीरोझनची १० नंबरची जर्सी कपाटात टाकली आणि कवायचं नाव घ्यायचं नाही असं जाहीर केलं. ते सप्टेंबरपर्यंत टिकलं. मग कवायने पत्रकारांसमोर आपण गमत्या माणूस असल्याचं सपाट सुरात सांगितलं, पाठोपाठ ते चमत्कारिक, जिना उतरल्यासारखं हसला, आणि ते हसू काढून दाखवण्यात घराघरातली पोरं पटाईत झाली.

'ट्रेड', म्हणजे खेळाडूंची ही अदलाबदल, काय असते हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. माझे बाबा सरकारी खात्यात ओव्हरसियर होते. एप्रिल-मे आला की आमच्या वसाहतीत बदल्यांचा वारा सुटायचा. कुणाची ऑर्डर निघाली, कुणाची अडली, कुणी मंत्रालयात फेऱ्या मारून सोयीची बदली पदरात पाडून घेतली, कुणाची आपसी झाली. आपसी बदलीला निदान दोघांची सही लागते. डीरोझन आणि कवायच्या बाबतीत तेवढंही नव्हतं. बाबा वशिला लावणाऱ्यांतले नव्हते, म्हणून आमची ऑर्डर नेहमी भलत्याच वेळी निघायची. एकदा मिरजेहून अंबाजोगाईला, तीही सप्टेंबरात, सहामाही तोंडावर असताना. शाळा सोडल्याचा दाखला एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी टेम्पोच्या केबिनमध्ये बसले होते. मागे गोणपाटात बांधलेले ट्रंक, ॲल्युमिनियमचं पिंप, उलटी ठेवलेली खाट, आणि आईच्या मांडीवर तुळशीची कुंडी, कारण मागे ठेवली तर माती सांडेल. पंढरपूरच्या अलीकडे टेम्पो चहाला थांबला तेव्हाही तिने ती खाली ठेवली नाही. एका जागी साधारण ३ वर्षं आणि बदल्या शक्यतो एप्रिल-मेमध्येच, असा कायदा महाराष्ट्रात २००५ साली झाला. तोवर बाबा निवृत्त होऊन सांगलीला बागेला पाणी घालत होते.

अमेरिकेतल्या या लखपती-कोट्यधीश मंडळींनाही हे स्वातंत्र्य कुणी आयतं दिलेलं नाही. करार संपला तरी खेळाडू संघाचाच, ही तिथली जुनी रीत. ऑस्कर रॉबर्टसन हा त्या काळचा मोठा खेळाडू आणि खेळाडू संघटनेचा अध्यक्ष. त्याच्या नावाने १९७० मध्ये खटला गुदरला गेला, तो चालला सहा वर्षं, १९७६ मध्ये तडजोड झाली. तरीही जुन्या संघाला नव्या संघाएवढे पैसे मोजून खेळाडू अडवून ठेवता येत होता. कसलीही आडकाठी न होता दुसऱ्या संघात जाणारा पहिला खेळाडू म्हणजे टॉम चेंबर्स. १९८८ च्या जुलैत तो सिएटल सोडून फीनिक्सला गेला. म्हणजे मी शाळेत होते तोवर या खेळातले थोरातले थोरही ऑर्डर निघेल तिकडे जात होते. आजसुद्धा कॉलेजातून आलेल्या पोराला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, जो संघ उचलेल तिथे जावं लागतं. कवायला २०११ मध्ये १५ व्या क्रमांकावर इंडियानाने उचललं आणि त्याच रात्री सॅन अँटोनिओला देऊन टाकलं. २०१५ मध्ये त्याचा पहिला करार संपला, पण तेव्हाही सॅन अँटोनिओला दुसऱ्याचा देकार तोडीस तोड देऊन त्याला ठेवता आलं असतं. मग टोरांटो. एनबीएत आठ वर्षं, दोन विजेतेपदं, दोन्ही वेळा अंतिम मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू, आणि कुठे राहायचं हे त्याने स्वतः ठरवायची पहिली वेळ आली ती २०१९ च्या त्या आठवड्यात. नुकतीच अठ्ठाविशी लागली होती.

पैशाचं गणित टोरांटोच्या बाजूचं होतं. जुना संघ म्हणून आम्ही पाच वर्षांना सुमारे १९ कोटी डॉलर देऊ शकत होतो, बाहेरचा संघ चार वर्षांना १४ कोटींच्या आसपास. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चार्टर्ड अकाउंटंट लोकांनी याची कोष्टकं टाकली. कॅलिफोर्नियाचा कर, ऑन्टॅरिओचा कर, डॉलर-डॉलरमधला फरक. एकाने तर 'राहणारच' असा निष्कर्ष काढून खाली हात जोडल्याची खूण टाकली. घर नावाचा रकाना कुणाच्याच कोष्टकात नव्हता. कवाय लॉस एंजेलिसच्या पूर्वेला मोरेनो व्हॅली, रिव्हरसाइड या भागात वाढला. कॉम्प्टनमध्ये वडिलांचा गाड्या धुण्याचा धंदा होता. २००८ मध्ये तिथेच त्यांना गोळ्या घालून मारलं गेलं. पोरगा १६ वर्षांचा होता आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या सामन्यात खेळला. अशा माणसाला आम्ही जन्मभर जेवण फुकट देत होतो.

पण आमचंही खोटं नव्हतं हो. १२ मेची रात्र आठवते. इथला मदर्स डे, आईला येऊन जेमतेम आठवडा झालेला, जेटलॅगने ती भलत्या वेळी टक्क जागी असायची. फिलाडेल्फियाविरुद्धच्या मालिकेतला सातवा, निर्णायक सामना, ९०-९० बरोबरी, चार सेकंद उरलेले. चेंडू कवायच्या हातात आला आणि तो मैदानाच्या वरच्या बाजूने उजवीकडे कोपऱ्याकडे धावत सुटला. त्यांचा सात फुटी जोएल एम्बीड हात वर करून बरोबरीने धावतोय. अगदी कडेच्या रेषेजवळ, आपल्याच बाकड्यासमोर, कवाय एका बाजूला कलत उडाला आणि चेंडू इतका उंच सोडला की टीव्हीच्या चौकटीतून क्षणभर गेलाच. भोंगा वाजला. चेंडू रिंगच्या अलीकडच्या कडेवर आपटला, वर उडाला. पुन्हा त्याच कडेवर, जरा हळू. मग पलीकडच्या कडेवर. पुन्हा पलीकडे. कवाय कोपऱ्यात उकिडवा बसून बघत होता, वीस हजार माणसं श्वास धरून, आणि आमच्या दिवाणखान्यात मुलगा माझ्या दंडाला नखं रुतवून. चेंडू आत पडला. मी किंचाळले, तो किंचाळला, खालच्या मजल्यावरची पंजाबी मंडळी किंचाळली, बाहेर गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. आई घाबरून म्हणाली, "अगं, काय झालं काय?" एम्बीड रडत आत गेला ते आम्ही नंतर पाहिलं. सातव्या सामन्यात शेवटच्या भोंग्यावर मालिका जिंकून देणारी बास्केट एनबीएत त्याआधी कधी झालेली नव्हती. ज्या माणसाने हे हातावर ठेवलं त्याला 'जा बाबा सुखाने' असं म्हणणं कुणाला जमणार होतं?

आता शहराच्या प्रेमाची दुसरी बाजूही लिहून टाकते. १० जूनला अंतिम मालिकेचा पाचवा सामना इथे झाला. दुखापतीतून परतलेला केव्हिन ड्युरँट दुसऱ्या क्वार्टरमध्ये पोटरी धरून खाली बसला, आणि आमच्या लोकांतून आनंदाची आरोळी उठली. आमच्या संघातल्या काईल लाउरीने आणि इतरांनी हातवारे करून प्रेक्षकांना गप्प केलं. ड्युरँटची टाच आणि पोटरी जोडणारी शीर तुटली होती, पुढचं अख्खं वर्ष गेलं. म्हणून कवायभोवती फिरणारं ते हेलिकॉप्टर पाहून मला दरवेळी भरून यायचं असं नाही. कधीकधी वाटायचं, हे जरा जास्त होतंय. माणसाला दार लावून विचारसुद्धा करू द्यायचा नाही.

६ जुलैच्या पहाटे, टोरांटोत दोन वाजण्याच्या सुमाराला, कळलं. त्याच रात्री कॅलिफोर्नियात रिजक्रेस्टला ७.१ रिश्टरचा भूकंप झाला होता, लास वेगासमध्ये चालू असलेला समर लीगचा सामना टांगलेले स्पीकर हलायला लागले म्हणून थांबवला होता, आणि ती सगळी मंडळी जागीच असताना बातमी फुटली: कवाय क्लिपर्सकडे. एकटा नाही. त्याने आधी क्लिपर्सना ओक्लाहोमाहून पॉल जॉर्जला आणायला लावलं; तोही त्याच भागातला, पामडेलचा. जॉर्जसाठी क्लिपर्सनी शे गिल्जस-अलेक्झांडर नावाचा वीस वर्षांचा पोरगा दिला, डॅनिलो गॅलिनारी दिला, आणि ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतल्या पाच निवडी दिल्या. आठवडाभर ज्याच्यामागे हेलिकॉप्टर फिरलं, ज्याच्या हॉटेलबाहेर लोक उभे राहिले, त्याने या अवधीत कुणाला सुगावा न लागू देता एवढा व्यवहार उरकला होता. मला, खरं सांगते, त्याचं कौतुकच वाटलं.

सकाळी उठले तर मुलाच्या खोलीचं दार बंद. ग्रुपवर कुणीतरी एवढंच लिहिलं होतं: "गेला." खाली सत्तावीस जणांचे रडके चेहरे. आई चहा घेत बसली होती. तिला मी सांगितलं. ती म्हणाली, "मी म्हटलंच होतं," आणि मग बिस्किट चहात बुडवून धरत, जरा वेळाने, "पण केवढं विचारलं गं त्याला. गावच्या गाव विचारत होतं, थांब म्हणून. आम्हाला कुणी विचारलं? तुझे बाबा ऑफिसातून यायचे, पिशवी खुंटीला लावायचे आणि म्हणायचे, निघाली. झालं. मी डबे मोकळे करायला घ्यायची." तक्रारीचा सूर नव्हता. मला मात्र वाटून गेलं की बाबांना निदान खात्याचा कागद यायचा, त्यावर त्यांचं नाव असायचं. आईची बदली कुठल्याच कागदावर नव्हती. लग्न करून इस्लामपूर सोडलं ती पहिली, आणि मग प्रत्येक गावाला नवा भाजीवाला, नवी चक्की, नव्या शेजारणी. तिने हेलिकॉप्टर पाहून 'जाईल की घरी' म्हटलं त्यात कवायची बाजू घेणं नव्हतंच. ज्याला घरी जाता येतं तो जातो, एवढं तिला सरळ दिसत होतं.

मला ते सरळ दिसत नाही, कारण मला कुणी पाठवलेलं नाही. मी आणि माझा नवरा आपल्या पायांनी आलो, पॉइंटांची बेरीज करून, अर्ज भरून, वैद्यकीय तपासणीच्या रांगेत उभे राहून. आणि आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकासारखंच ठरवून आलो: पाच वर्षं, फार तर सात, थोडे पैसे गाठीला बांधायचे आणि परत. मंडळाच्या गणपतीत हा विषय मोदकाइतकाच ठरलेला असतो. पोरांची दहावी व्हायच्या आत. मग बारावीच्या आत. मग घराचं कर्ज फिटलं की. कुणाचा बाणेरला फ्लॅट आहे, भाड्याने दिलेला, आणि भाडेकरूशी फोनवर गळक्या नळाचं बोलणं करत रात्री एक वाजता जागे असतात. परत गेलेल्यांची नावं आम्ही दबक्या आवाजात घेतो. वर्षाच्या आत पुन्हा इकडे आलेल्यांची त्याहून जरा मोठ्याने. आणि हा पठ्ठ्या आला, एक हिवाळा काढला, काम फत्ते केलं, बॅग भरली आणि घरी गेला. आमच्यातल्या पुष्कळांचा राग कवायच्या जाण्यावर होता असं मला नाही वाटत. तो इतक्या सहज परत गेला, यावर होता. एका मैत्रिणीने तर म्हटलंसुद्धा, "त्याला बरं जमलं!" आणि मग आम्ही दोघी अळूवड्यांच्या पानांच्या भावावर बोललो.

त्या ११ डिसेंबरला क्लिपर्सचा संघ इथे खेळायला आला. मी तिकिटांवर एवढे पैसे कधी घातले नव्हते. सामन्याआधी त्याला विजेतेपदाची अंगठी द्यायची होती. मला कार्टरचे दिवस आठवत होते, बुधवारची रात्र, लोक बियर पिऊन आलेले, काही नेम नव्हता. पण पडद्यावर चित्रफीत सुरू झाली, त्यात ते चार टप्पे पुन्हा आले, आणि सगळी अरीना उभी राहिली. लाउरीने अंगठी दिली. कवायने ती उचलून दाखवली, चेहरा तसाच. माझ्या पुढच्या रांगेतला एक दांडगा गडी हुंदके देत होता आणि त्याची बायको त्याला नॅचोज पुढे करत होती. खेळ सुरू झाल्यावर काहींनी हुर्यो केली, तेही बरोबरच होतं. अगदीच संत व्हायला नको. क्लिपर्सनी आम्हाला वीस गुणांनी धुतलं.

घरी जाऊन त्याचं काय झालं ते खेळ पाहणाऱ्यांना सांगायला नको. पहिल्याच वर्षी डेन्व्हरविरुद्ध ३-१ अशी आघाडी असताना मालिका घालवली. २०२१ मध्ये गुडघ्याची शीर गेली, पुढचं सबंध वर्ष बाकावर. क्लिपर्स त्याच्या जोरावर अंतिम फेरीत कधी पोचले नाहीत. ग्रुपवर काहींना याचा अजून आनंद होतो. मला होत नाही. घरी गेलेल्या माणसाने तिथे जाऊन जिंकलंच पाहिजे ही अपेक्षा मला आमच्याच मनातल्या भीतीची वाटते. पण खरा मासला आहे तो शेचा. त्या पहाटेच्या सौद्यात ज्याला लॉस एंजेलिसमधून उचलून ओक्लाहोमाला टाकलं, त्या पोराचा जन्म टोरांटोचा आणि तो वाढला हॅमिल्टनला, इथून तासाभरावर. त्याला कुणी विचारलं नव्हतं. तो तिथे राहिला, आणि २०२५ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, अंतिम मालिकेतलाही, आणि ओक्लाहोमाने विजेतेपद नेलं. क्लिपर्सनी दिलेल्या एका निवडीतून आलेला जेलन विल्यम्सही त्या संघात होता. आमच्या शहरातला माणूस घरी जातो म्हणून आम्ही रडत होतो, तेव्हा त्याच सौद्यात आमच्या गल्लीतलं पोर आणखी एक मुक्काम लांब चाललं होतं, आणि आमचं तिकडे लक्षही नव्हतं. त्याच्यामागे कुणी हेलिकॉप्टर उडवलं नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये विन्स कार्टरचा १५ नंबर अरीनाच्या छताला टांगला. ज्याला दहा वर्षं शिव्या घातल्या त्याच्यासाठी माणसं टिपं गाळत होती. तेव्हापासून आमच्या घरात वाद आहे. माझं म्हणणं, कवायचा २ नंबरही वर जायला हवा. एकच वर्ष होता, मान्य. पण त्याला न विचारता आणला होता, आणि आणल्यावर त्याने जे करायचं ते कुणी नऊ वर्षं राहून केलं नव्हतं. मुलगा आता युनिव्हर्सिटीत आहे, दाढी ठेवतो, आणि या विषयावर अजून तितकाच तापतो. त्याचं म्हणणं, आधी डीरोझनचा १०. ज्याला थांबायचं होतं त्याला तुम्ही घालवलंत, आणि ज्याला जायचं होतं त्याला नमस्कार घालताय. कपाटातली जर्सी त्याने हॉस्टेलवर नेली आहे. मी म्हणते, दोन्ही टांगा. छताला भरपूर जागा आहे, आणि त्याच अरीनात खेळणाऱ्या मेपल लीफ्स या हॉकी संघाकडून तिथे नवीन काही टांगलं जाण्याची एवढ्यात चिन्हं नाहीत.